आईच्या हार्ट अटॅकनंतर सापडलेली १९९१ ची फाईल: बायकांना हे प्रश्न कोणी विचारत का नाही?

शमिका_लालबाग
रविवार, रात्री ११:४०

मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज लिहितेय, कारण गेले तीन आठवडे डोक्यात एकच गोष्ट फिरतेय आणि घरात विषय काढला की सगळे म्हणतात, "आता झालं ना बरं, कशाला उकरून काढतेस?"

आई ६१ वर्षांची. घरून डबे देते. तीस वर्षं झाली, पहाटे साडेचारला तिचा गॅस पेटतो. त्या मंगळवारी कणीक मळता मळता तिची पाठ भरून आली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. मग जबडा दुखायला लागला, तोंडाला पाणी सुटलं, दरदरून घाम आला. छातीत कळ अशी नव्हतीच, "जरा जड वाटत होतं" एवढंच. तिने कणकेचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून बसली. पंधरा मिनिटांनी उठली आणि अठरा डबे भरून दिले. हे आम्हाला तिने सांगितलं नाही. डबे न्यायला येणारे काका दोन दिवसांनी आयसीयूबाहेर भेटले तेव्हा म्हणाले, "ताईंचा चेहरा पांढराफटक होता. मी विचारलं, तर म्हणाल्या पित्त झालंय."

नऊ वाजता ती स्वतः चालत जवळच्या दवाखान्यात गेली. तिथेही पित्तच ठरलं. इंजेक्शन, गुलाबी पातळ औषध, आणि "पहाटे रिकाम्या पोटी चहा बंद करा." ईसीजी नाही. संध्याकाळी जिना चढताना तिला दोन पायऱ्यांवर धाप लागली, तेव्हा मी टॅक्सीत घालून मोठ्या हॉस्पिटलला नेलं. ईसीजीचा कागद बघून तिथल्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "हे सकाळपासून आहे का?" तेरा तास गेले होते. उजवी धमनी पूर्ण बंद. स्टेंट टाकला. इकोत हृदयाची ताकद ४० टक्के आली.

मला सलतंय ते पुढे आहे. २०११ साली बाबांच्या छातीत दुखलं होतं. त्याच गल्लीत, त्याच दवाखान्यात. पाच मिनिटांत ईसीजी निघाला होता. बाबांचं शेवटी खरंच पित्त निघालं.

आईला ॲडमिट करताना फॉर्म भरला. सिगारेट? नाही. दारू? नाही. वडिलांना, भावांना हार्टचा त्रास? नाही. शुगर? हो, बारा वर्षं. बीपी? हो, गोळी चालू. संपला फॉर्म. चौथ्या दिवशी इन्शुरन्सचे कागद शोधायला मी तिचं लोखंडी कपाट उघडलं. साड्यांच्या खाली, डाळीच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेली तिच्या बाळंतपणाची फाईल होती. माझ्या वेळची, १९९१ ची. कागद पिवळे पडलेत, पण अक्षर वाचता येतं. आठवा महिना: बीपी १६०/११०. लघवीत अल्ब्युमिन दोन अधिक. पायावर, तोंडावर सूज. खाली लाल शाईत "ताबडतोब भरती". माझं वजन १ किलो ९००. त्याच पिशवीत दुसरा कागद होता, २००५ चा. गर्भाशयाची पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. आई तेव्हा ४१ ची होती.

रात्री मोबाइलवर वाचत बसले. या दोन्ही गोष्टी हृदयाच्या धोक्याच्या यादीत आहेत असं दिसतंय. मग चौतीस वर्षांत आईला हे एकदाही कोणी का सांगितलं नाही? आणि फॉर्ममध्ये त्याची जागाच का नाही? इथे डॉक्टर मंडळी आहेत, जाणते आहेत. पुरुषांचा आणि बायकांचा धोका नेमका कुठे वेगळा असतो, हे मला समजून घ्यायचंय. माझ्यासाठी आणि धाकट्या बहिणीसाठीही. तिला गेल्या वर्षी सातव्या महिन्यात शुगर निघाली होती. बाळंतपणानंतर "आता गेली" म्हणाले आणि विषय संपला.

---

गिरगावचा_मध्या
रविवार, रात्री ११:५८

शमिकाताई, वाचून पोटात गोळा आला. आईंना आता कसं आहे? माझ्या आत्याचंही असंच "पित्त" होतं. ती वाचली नाही. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

वाटसरू_एमडी
सोमवार, सकाळी ६:२०

मी फिजिशियन आहे. बावीस वर्षं मुंबईतच, बराच काळ सरकारी वॉर्डांत. ड्यूटीला निघण्याआधी लिहितोय, थोडं लांबेल.

आधी एक गैरसमज दूर करतो. बायकांचं हृदय म्हणजे काही वेगळं यंत्र नव्हे. बीपी, शुगर, तंबाखू, कोलेस्टेरॉल, पोटावरची चरबी, ताण, बैठेपणा ही यादी दोघांचीही तीच. २००४ साली इंटरहार्ट नावाचा अभ्यास छापून आला. ५२ देश, साधारण तीस हजार माणसं, आणि त्याचं नेतृत्व केलं केरळात जन्मलेले डॉ. सलीम युसूफ यांनी. टाळता किंवा आटोक्यात ठेवता येतील अशा नऊ गोष्टींतून पहिल्या अटॅकचा पुरुषांतला सुमारे ९० टक्के आणि बायकांतला ९४ टक्के धोका समजून येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे नशीब, दैव वगैरेला फार जागा उरत नाही.

फरक आहे तो प्रत्येक गोष्टीच्या वजनात. त्याच अभ्यासात शुगर असलेल्या पुरुषाला शुगर नसलेल्या पुरुषाच्या तुलनेत धोका साधारण पावणेतीन पट आढळला. शुगर असलेल्या बाईला, शुगर नसलेल्या बाईच्या तुलनेत, सव्वाचार पट. बीपीचंही तसंच, बाईला थोडं जास्त महाग पडतं. सिगारेटचं २०११ मध्ये मोठं विश्लेषण झालं. ओढणाऱ्या बाईचा वाढीव धोका ओढणाऱ्या पुरुषापेक्षा २५ टक्के जास्त निघाला. "पाळी चालू आहे तोवर बाईला अटॅक येत नाही" हे वाक्य आमच्या पिढीने कॉलेजात पाठ केलं होतं. शुगर ते संरक्षण जवळजवळ पुसून टाकते. चाळिशीतली शुगरवाली बाई छातीतलं काही सांगत असेल तर ते वाक्य विसरायचं.

आता तुमची फाईल. आठव्या महिन्यात १६०/११० आणि लघवीत प्रथिनं, याला आम्ही प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतो. त्यात रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. गरोदरपणात हृदयाला एरवीच्या जवळपास दीडपट रक्त ढकलावं लागतं. त्या भाराखाली ज्या रक्तवाहिन्या कुरकुरतात त्या पुढे पन्नाशी-साठीत पुन्हा कुरकुरण्याची शक्यता जास्त असते. अशा बाईला पुढे हृदयविकाराचा धोका ढोबळमानाने दुप्पट. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्ये गरोदरपणातलं बीपी आणि शुगर या गोष्टी बायकांच्या धोक्याच्या यादीत अधिकृतपणे घातल्या. तुमच्या आईचं बाळंतपण त्याच्या वीस वर्षं आधीचं. तेव्हा बाळ सुखरूप, आई सुखरूप, बीपी उतरलं, की प्रकरण मिटलं असं सगळेच मानत होते. पण २०११ नंतरही आमच्या केसपेपरवर तो रकाना आला नाही, हे मी मान्य करतो. बाळंतपणाचा विभाग वेगळा, हृदयाचा वेगळा, आणि मधली वीस-तीस वर्षं ती बाई कोणाचीच पेशंट नसते.

चाळिशीत अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन एका रात्रीत जातं. आपोआप पाळी जाते तेव्हा शरीराला चार-पाच वर्षांचा उतार मिळतो, इथे कडाच. वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, बीपी चढतं, चरबी कमरेवरून पोटावर सरकते. त्यात आपल्याकडे पाळी मुळात लवकर जाते, सरासरी ४६-४७ ला. पाश्चात्त्य देशांत ती ५१ च्या आसपास जाते. नुसतं गर्भाशय काढणं आणि अंडाशयांसकट काढणं यात म्हणून मोठा फरक आहे. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी जुने कागद काढून नेमकं काय काढलंय ते बघा. निम्म्या बायकांना ते माहीतच नसतं.

धाकट्या बहिणीचं रात्री लिहितो. निघालो.

---

दादर_पश्चिम_०७
सोमवार, सकाळी ९:०५

ताई, आईंसाठी प्रार्थना. पण एक बोलू का? धागा वाचून असं वाटेल की अटॅक हा बायकांचा आजार आहे. माझा मोठा भाऊ ४४ व्या वर्षी गेला. सकाळची ८:१७ ची लोकल पकडायला पुलावरून धावला, प्लॅटफॉर्मवर कोसळला. हमालांनी स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. घरात दोन मुली, धाकटी पहिलीत. त्याला कधी शुगर नव्हती. सिगारेट होती, दिवसाला सात-आठ, आणि ऑफिसात टार्गेट. पुरुष आधी मरतात ही वस्तुस्थिती आहे. ती या चर्चेत हरवू नये.

---

शमिका_लालबाग
सोमवार, सकाळी १०:३०

दादा, तुमच्या भावाचं वाचून काय लिहावं सुचत नाही. हरवू नये, अगदी खरं आहे. माझं म्हणणं पुरुषांचं कमी लेखायचं नाहीच. तुमच्या भावाला कोणी "सिगारेट किती" हे विचारलं तरी असेल. आईला तिचे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत, दुखणं एवढंच आहे.

@गिरगावचा_मध्या, आई घरी आहे. खोलीतल्या खोलीत चालते. कालपासून कणीक मळायला मागतेय.

---

सिस्टर_मीनाक्षी
सोमवार, दुपारी ३:४५

मी सीसीयूत, म्हणजे हृदयाच्या पेशंटांच्या आयसीयूत, १७ वर्षं काढली आहेत. माझं अनुभवाचं सांगते.

पुरुष येतो तेव्हा त्याच्याबरोबर बायको असते, आणि ती ओरडत येते, "यांना बघा आधी." बाई येते तेव्हा मुलगा गाडी लावायला गेलेला असतो आणि ती बाकावर बसून नंबराची वाट बघते. विचारलं तर म्हणते, "जरा जीव घाबरा होतोय, बाकी काही नाही." एक आजी आल्या होत्या, हाताला हळद लागलेली. अटॅक आल्यावर त्यांनी लोणच्याची बरणी भरून, दादरा बांधून मग मुलीला फोन केला होता. दुखणं अंगावर काढायची सवय इतकी मुरलेली असते की आपण ते सहनशक्ती म्हणून कौतुकाने सांगतो.

एक मात्र नीट लक्षात घ्या. "बायकांना छातीत दुखत नाही" हे खरं नाही. बहुतेक बायकांनाही छातीतच दुखतं, दडपण येतं, जड वाटतं. पण छातीत न दुखता येणाऱ्यांचं प्रमाण बायकांत जास्त. अमेरिकेतल्या अकरा लाखांहून जास्त पेशंटांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये छापलं होतं, छातीदुखीशिवाय आलेल्या बायका ४२ टक्के, पुरुष ३१ टक्के. म्हणजे पुरुषांतही दर तिघांत जवळपास एक! जबडा, मान, पाठ, दोन्ही हात, मळमळ, घाम, काही कारण नसताना आलेला थकवा, धाप. आणि हे सगळं बेंबीच्या वर, नवीन, आणि बसून राहिलं तरी न जाणारं असेल तर पित्त आहे हे ईसीजी झाल्यावर ठरवायचं, आधी नाही. ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा असा नियम आहे. तुम्ही काउंटरवर तोंडाने मागा, "आधी ईसीजी काढा." मागायला लाजू नका. पहिला नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर थोड्या वेळाने दुसरा काढायला सांगा.

आणि स्वतः चालत जाऊ नका. १०८ ला फोन करा. केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथे, रात्री दोनला गेलात तरी इमर्जन्सीत ईसीजी होतो.

---

घोडपदेवची_राणी
सोमवार, सायंकाळी ६:१०

फॉर्मवर "सिगारेट? नाही" हे वाचलं आणि आजी आठवली. आमची आजी साताऱ्याकडची, गिरणीवाल्या नवऱ्याबरोबर मुंबईत आली. रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, काळीकुळकुळीत झाली की बोटाने चुरून डबीत भरायची. मिश्री. चाळीत सकाळी नळावर सगळ्या बायका काळे दात घेऊन बोलत बसलेल्या, हे माझं लहानपण. आजीला कोणी विचारलं असतं "तंबाखू खाता का", तर ती म्हणाली असती, "छे गं, मी कशाला खाते! दात घासते." दिवसातून चार वेळा दात कोण घासतं?

दोन अटॅक आले तिला. एकाही कागदावर मिश्री हा शब्द नाही. आई अजून लावते, लपून.

---

वाटसरू_एमडी
सोमवार, रात्री १०:१५

@घोडपदेवची_राणी, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, नाडी वाढते, बीपी चढतं. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांचा अटॅकचा धोका सव्वादोन पट आढळला, आणि ओढणं-चघळणं दोन्ही असेल तर चौपट. आता मी वॉर्डात बायकांना "तंबाखू" विचारतच नाही, "मिश्री लावता का, मशेरी लावता का, तपकीर ओढता का" असं नाव घेऊन विचारतो. लाजत लाजत हो म्हणतात. आईंना रागावू नका. हिरडीला सवय लागलेली असते, नुसतं सोड म्हणून सुटत नाही. त्यासाठी गोळ्या आणि च्युइंगगम मिळतात, डॉक्टरांना विचारा.

@दादर_पश्चिम_०७, तुमचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पहिला अटॅक पुरुषांना बायकांपेक्षा सरासरी नऊ वर्षं आधी येतो. आणि आपण दक्षिण आशियाई लोक जगापेक्षा सहा वर्षं आधी. ५३ च्या आसपास आपली सरासरी, इतरांची ५९. त्यामुळे आपला पुरुष चाळिशीतच दारात उभा असतो. पुरुषांचाही एक न विचारला जाणारा प्रश्न आहे, तोही इथे लिहून टाकतो. लैंगिक संबंधांत ताठरता कमी होणं हा अनेकदा रक्तवाहिन्यांचाच आजार असतो. त्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी बोलतात, कधी दोन-तीन वर्षं आधी. चाळिशीतला माणूस गुपचूप रस्त्यावरच्या तंबूत औषध शोधतो, आणि त्याचं बीपी-शुगर कोणी तपासत नाही. भावाला काही परत आणता येणार नाही, पण तुमच्या स्वतःच्या तपासण्या झाल्या आहेत का? सख्ख्या भावाला ५५ च्या आत झालं असेल तर तुमचाही धोका वाढतो. बहिणीला किंवा आईला ६५ च्या आत झालं असेल तर तेच. शमिकाताई, हे तुम्हालाही लागू आहे. आई ६१.

आता धाकटी बहीण. गरोदरपणातली शुगर बाळंतपणानंतर बहुतेकींची उतरते, पण "गेली" म्हणणं चूक. सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी करायची असते आणि नंतरही एक ते तीन वर्षांनी करत राहायची. अशा बायकांना पुढे टाइप टू शुगर होण्याची शक्यता कैक पटींनी जास्त आणि हृदयविकाराची जवळपास दुप्पट. तिचं बाळ वर्षाचं होईल ना आता? ती टेस्ट राहिलीच असेल. करून घ्या. बीपी, कोलेस्टेरॉलही. आणि शिवणकामाची टेप घेऊन पोटाचा घेर मोजायला सांगा, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीला. आपल्या लोकांसाठी बायकांना ८० सेंटीमीटर, पुरुषांना ९०. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, बाईचं ५० च्या वर हवं, पुरुषाचं ४० च्या वर. रिपोर्टवर बऱ्याचदा एकच आकडा छापलेला असतो.

---

लॅबमधला
सोमवार, रात्री ११:०२

आकड्यांवरून आठवलं. ट्रोपोनिनचंही तेच. हृदयाचा स्नायू मेला की हे प्रथिन रक्तात येतं. नव्या संवेदनशील टेस्टपैकी एकीत पुरुषाची मर्यादा ३४ आणि बाईची १६ आहे, निम्म्याहून कमी. दोघांना एकच कट-ऑफ लावला तर बायकांचे छोटे अटॅक "निगेटिव्ह" म्हणून घरी जातात. आमच्याकडे रिपोर्टच्या तळाला दोन्ही छापतो. तुमच्या रिपोर्टवर एकच असेल तर विचारा. प्रत्येक कंपनीच्या किटचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे वरचे आकडे सरसकट लावू नका.

---

मुलुंडकरीण
मंगळवार, दुपारी १२:३०

मी ४१. शुगर नाही, बीपी नाही, मिश्री नाही, वजन ५४. दुसऱ्या बाळंतपणानंतर पाचव्या आठवड्यात बाळाला पाजताना छातीत असं काही झालं की बाळ सासूबाईंच्या हातात देताना मी किंचाळले. अँजिओत ब्लॉकेज नव्हतंच. धमनीचं अस्तर आतून उसवलं होतं, शिवण उसवते तसं, आणि रक्त त्या फटीत शिरून वाट दाबली गेली होती. स्कॅड म्हणतात त्याला. नंतर कळलं की अशा पेशंटांत दहातल्या नऊ बायकाच असतात, आणि पन्नाशीच्या आतल्या बायकांच्या अटॅकमध्ये याचा वाटा बराच मोठा आहे. मला स्टेंट टाकला नाही. धमनी आपोआप जुळू दिली, गोळ्या आणि आराम. यात घाईने स्टेंट टाकला तर कधी फट आणखी पुढे जाते.

मला सगळ्यात त्रास कशाचा झाला सांगू? पहिल्या रात्री दोन जणांनी मला "पोस्टपार्टम अँग्झायटी", म्हणजे बाळंतपणानंतरची घबराट, असं सांगितलं. त्यातला एक शब्द वाचलेला आहे म्हणून मीही मान डोलावली. नवऱ्याने हट्टाने ईसीजी काढायला लावला.

---

निलांबरी_के
मंगळवार, रात्री ९:२०

वाटसरू, एक विचारायचंय. बाबांना हार्टमुळे रोज इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) चालू आहे. आईला (५८, हार्टचा काहीच त्रास नाही) आम्ही "सेफ्टी म्हणून" दोन वर्षं तीच देतोय. बरोबर आहे का? आणि पाळी गेल्यावरच्या हार्मोनच्या गोळ्यांनी हृदय सुरक्षित राहतं का? तिची मैत्रीण घेते.

---

वाटसरू_एमडी
मंगळवार, रात्री ११:३०

स्वतःच्या मनाने देऊ नका. या औषधाचा इतिहासच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. १९८९ मध्ये बावीस हजार डॉक्टरांवरचा अभ्यास आला. सगळे पुरुष. एकाआड एक दिवस ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पहिला अटॅक ४४ टक्के कमी. तेव्हापासून घरोघर बायकांनाही तेच सुरू झालं. बायकांवरचा अभ्यास यायला २००५ साल उजाडलं. जवळपास चाळीस हजार बायका, दहा वर्षं. एकूण पाहता पहिला अटॅक काही कमी झाला नाही. मेंदूचा झटका थोडा कमी झाला, पासष्टीपुढच्यांना थोडा फायदा दिसला, आणि पोटातला रक्तस्राव वाढला. सोळा वर्षं आपण पुरुषांचं उत्तर बायकांना देत होतो. हल्ली तर आजार नसलेल्या पुरुषांनाही सरसकट देत नाहीत. ज्यांना अटॅक येऊन गेला, स्टेंट आहे, त्यांची गोष्ट वेगळी. शमिकाताईंच्या आईंनी ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. तुमच्या आईंची मात्र उद्या डॉक्टरांना दाखवून ठरवा.

हार्मोनच्या गोळ्या हृदय वाचवतील या आशेने बायकांना वर्षानुवर्षं दिल्या गेल्या. २००२ मध्ये अमेरिकेतला मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या गटात अटॅक आणि स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. अंगातून वाफा निघणं, झोप उडणं यासाठी पन्नाशीच्या आसपास, थोड्या काळासाठी डॉक्टर देतात, ते ठीक. अंडाशयं फार लवकर काढलेल्या बाईला तर बहुधा नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत असं आता मानतात. पण नुसतं हृदयासाठी म्हणून नाही.

@मुलुंडकरीण, तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा.

---

बीडची_माहेरवाशीण
बुधवार, सकाळी ७:५०

अंडाशयांवरून लिहिते. २०१९ मध्ये आमच्या बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं. तिशीतल्या बायका. पाळीमुळे खाडा पडतो, खाड्याचा दंड भरावा लागतो, म्हणून. सगळे पिशवीवर बोलले, कंबरदुखीवर बोलले. त्या बायका आता चाळिशी ओलांडतायत. त्यांच्या बीपीचं, शुगरचं, हृदयाचं कोण बघतंय? माझी चुलतबहीण त्यातलीच. काल तिला फोन करून विचारलं, काय काय काढलं होतं. म्हणाली, "सगळं काढलं म्हणाले. सगळं म्हणजे काय ते नाही विचारलं." तिला चेंबूरला माझ्याकडे बोलावून घेतेय, तपासण्यांना.

---

दादर_पश्चिम_०७
बुधवार, रात्री ८:४०

डॉक्टर, तुमचं वाचून दोन दिवस विचार केला आणि आज रक्त देऊन आलो. वय ४६. बीपी १४८/९६ निघालं. वहिनीलाही घेऊन गेलो होतो. भाऊ गेल्यापासून ती एकटी दोन मुलींचं करतेय, आणि तिचं बीपी आजवर कोणी मोजलंच नव्हतं. शमिकाताईंचा धागा डोक्यात होता म्हणून तिला विचारलं, बाळंतपणात काही झालं होतं का. म्हणाली, धाकटीच्या वेळी झटके आले होते, तीन दिवस शुद्ध नव्हती. आमच्या घरात हे मला माहीत नव्हतं.

---

शमिका_लालबाग
गुरुवार, रात्री १०:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

आज आईची फॉलोअपची तारीख होती. मी ती डाळीची पिशवी तशीच घेऊन गेले. डॉक्टरांनी १९९१ चा कागद दोन वेळा वाचला. मग खिशातलं पेन काढून आईच्या केसपेपरवर, शुगर आणि बीपीच्या खाली, स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: "गरोदरपणात उच्च रक्तदाब, १९९१, ४१ व्या वर्षी दोन्ही अंडाशयं काढली." आईने विचारलं, काय लिहिलं? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, तेव्हा तुझी आजी म्हणाली होती, बाहेर कोणाला सांगू नको, बाळंतपणात बीपी झालं म्हणजे लोक म्हणतील बाई नाजूक." चौतीस वर्षं तिने ते कोणालाच सांगितलं नाही, बाबांनासुद्धा.

येताना पुलाखाली टॅक्सी थांबली होती तेव्हा तिने माझा हात धरून विचारलं, "तुझं मोजलंस का?" माझं १२२/७८ आहे. घेर ८६. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट परवा येईल.

डब्यांचं आम्ही ठरवलंय. अठराचे सहा, आणि कणीक मी मळणार.

धाकटीची ७५ ग्रॅमवाली टेस्ट उद्या सकाळी साडेसातला आहे. बाळाला सांभाळायला मी जातेय तिच्याबरोबर. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.